दक्षिण पिवळी

दिवाळी सरली की आमराईच्या कडेला
स्वेटरवाल्यांचे तंबू लागतात.
मुंडगोडहून येतात ती माणसं, कानडी हेल काढून हिंदी बोलतात.
सांगलीत थंडी पडते ती त्यांची कीव येऊन,
असं आमच्यात म्हणतात.

मी यार्डातून सुटलो होतो, मानेपर्यंत हळद.
पोरीला लाल टोपी हवी होती.
यांगकीबाईच्या तंबूत, मफलरींच्या मागं
एक कापड टांगलेलं दिसलं:
वर्तुळात चौकोन, चौकोनाला चार दारं,
आणि आत दाटीवाटीनं बसलेले,
कुणी निळा, कुणी तांबडा, कुणी पोपटी.

"देव?" मी विचारलं.
"नाही," ती म्हणाली, "थांबलेले."

पल्याड जायची नाव लागलेली असताना
काठावर परत उतरलेले.
आधी ही सगळी जाऊ देत, म्हणणारे.

मला महापुरातला सिकंदर मुजावर आठवला.
दिवसभर बोट मारत होता आमच्या गल्लीतून,
स्वतःच्या घराचा पत्रा समोर दिसत असून
तिकडं वळला ते दिवे लागणीला.
त्याला कुणी रंगवलं नाही.

बाई गिऱ्हाईक सोडून सांगत बसली.
ही तलवार कुणाच्या मानेसाठी नाही,
डोक्यातल्या गाठीसाठी आहे.
ह्याला हजार हात, आणि दर तळव्यात एक डोळा,
बघितल्याशिवाय हात घालू नये म्हणून.
हा वरचा नकाशा समजू नकोस, म्हणाली,
पूर्व खाली असते, तुझ्या पायाशी.
तिथून आत यायचं.
दक्षिण डाव्या हाताला.
दक्षिण पिवळी.

"पिवळी का?"
मातीची म्हणून, पिकाची म्हणून.
त्या पिवळ्याचा हात बघ:
तळवा बाहेर, बोटं खाली सोडलेली, झाकलेलं काही नाही.
त्याचं शहाणपण एवढंच, की सगळी सारखी.
"समता," ती म्हणाली.
हिंदीत म्हणाली का मराठीत, कळलं नाही.

बोटांची भाषा मला नवी नव्हती.
यार्डात सौदा रुमालाखाली व्हायचा,
अडत्याची दोन बोटं, व्यापाऱ्याची चार,
वरून नुसता पांढरा रुमाल हलताना दिसायचा.
माझा बाप दौलू, तीस-बत्तीस वर्षं
त्या रुमालापासून हातभर अंतरावर पोतं घेऊन उभा राहिला.
आत काय ठरलं ते त्याला
कधीच कळलं नाही.

मी तो उघडा तळवा बघायला वाकलो
आणि तोल सावरताना अंगठा टेकला कापडावर.
हिरव्या बाजूला. उत्तरेला.
पिवळा ठप्पा, रेघान् रेघ उठलेली.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
खांद्यावरचं फडकं काढून पुसायला गेलो,
तर ते माझ्यापेक्षा पिवळं.
बाई हसली, दात नव्हते पुढचे.
"राहू दे. दक्षिण जरा फिरायला गेली."
टोपीचे दहा रुपये कमी केले वर.

रविवारी विहारात भावाला सांगितलं.
तो म्हणाला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या आपण,
तेहतीस कोटी उतरवून ठेवले एका दिवसात,
आता हे हजार हातांचं ओझं कुठनं आणलंस?
तो सेक्रेटरी आहे, बरोबरच बोलतो.
माझ्याकडं उत्तर नव्हतं.
मी चटया गोळा केल्या.
शेवटची चटई गुंडाळताना वाटलं
सांगावं सिकंदरचं,
पण तो कुलूप शोधत होता.

फेब्रुवारीत ऊन चढलं, तंबू उठले.
यांगकीबाईनं ते कापड गुंडाळलं असणार,
निळे, तांबडे, पांढरे एकमेकांच्या अंगावर,
आणि त्यांच्यात कुठंतरी माझा अंगठा.

बापाचा उठायचा निळा,
दर पगाराला, रजिस्टरात,
किती मिळाले ते न वाचता.
माझा पिवळा.

पोरगीची टोपी दोनदा धुतली.
कडेला अजून पिवळी आहे.