चौदावा दिवस

नैरोबीत एका सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर
दोन नंबरच्या खिडकीमागे मी बसतो.
न्याय देणं माझं काम नाही.
न्याय सातव्या मजल्यावर, लिफ्ट चालू असेल तर.
मी तारीख बघतो
आणि शिक्का मारतो.

टेंडर कुणाला गेलं, कमी भाव असून का नाकारलं,
कुणाच्या मेहुण्याचं दुकान,
हे मला विचारू नका.
मला विचारा, किती दिवस झाले.
चौदा असतील तर या.
पंधरा असतील तर
त्या तक्रारीचे नुसते दिवस घालायचे.

गारिसाचा एक माणूस आला होता,
पाण्याच्या टाक्या विकणारा, फार सज्जन.
त्यानं रविवार धरलेच नव्हते.
रविवारही धरतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
मीच सांगितलं. पहिल्यांदा, आणि उशिरा.
तो फाइल छातीशी धरून
बराच वेळ त्या बाकावर बसला होता,
एखाद्या दवाखान्यात बसावं तसा.

आणि मग तेवीस तारखेला,
पाचाला वीस कमी असताना,
बोंडोहून रोझलिन अपोंदी आली.
रात्रभर बसमध्ये, नाकुरूला चहासुद्धा नाही.
केसांत लाकडाचा भुसा,
हातात शाळेच्या बाराशे बाकांचं नामंजूर पत्र.

पत्रावर तारीख तीन.
मी बोटांवर मोजलं. खरं म्हणजे मोजायची गरज नव्हती.
"बाई, सतरालाच संपलं."
ती म्हणाली, "मला मिळालं नऊला."
सगळेच असं म्हणतात.
आमच्याकडे सगळ्यांनाच पत्रं उशिरा मिळतात,
आणि पुरावा कुणाकडे नसतो.

तरी कोण जाणे का, मी विचारलं:
"पाकीट आहे?"

तिनं पिशवी उपसली.
मोजपट्टी, पेन्सिलीचा तुकडा,
अर्धी पोळी, नातवाचा एक बूट.
मग एक घडी घातलेला, तेलकट, खाकी कागद
तिनं माझ्या खिडकीच्या फळीवर उलगडला
आणि त्यातून स्क्रू सांडले.

पस्तीस-चाळीस स्क्रू.
घरंगळत सगळे डावीकडे गेले,
एक दोन खाली पडले.
पाकिटाच्या पाठीवर बाकाची मापं,
उंची सव्वीस, बसायची फळी अकरा,
आणि पुढच्या बाजूला, तिकिटावर अर्धा चढलेला,
पोस्टाचा गोल शिक्का: नऊ.

शिक्क्याला शिक्काच ओळखतो.
नऊ आणि चौदा, तेवीस.

पाचाला अकरा कमी.
फी मोबाइलवरून भरायची, तिच्या फोनमध्ये चार्जिंग नाही.
मी माझा चार्जर दिला.
हे नियमात बसतं की नाही, मी बघितलं नाही.
पाचाला चार कमी.
पैसे गेले, पावतीचा मेसेज येईना.
मागचा पहारेकरी खिडक्या लावायला लागला,
मी त्याच्याकडे बघितलंच नाही.
पाचाला दोन कमी.
टिंग.

मी शिक्का मारला.
असा मारला की खालच्या दोन पानांवरही उमटला.

आता तिकडे, त्या कार्यालयात,
करारावर सही करायला उघडलेलं पेन
टोपण लावून ठेवावं लागेल. एवढंच.
ती जिंकेल का, मला माहीत नाही.
तिचा भाव कदाचित खरंच जास्त असेल,
लाकूड कदाचित खरंच ओलं असेल.
ते सातव्या मजल्यावर ठरेल.

जाताना तिनं स्क्रू गोळा केले,
या खेपेला रुमालात. पाकीट आता फाइलमध्ये होतं.
तळहात फळीवर ठेवून, एक डोळा मिटून,
ती म्हणाली, "ही डावीकडे उतरते.
इतकी वर्षं कुणी बघितलं नाही?"

सोमवारी रजिस्टर उचललं तर
खाली एक स्क्रू सापडला.
तो मी ठेवलाय, शिक्क्याशेजारी.
फळी अजून तशीच आहे.
ती दुरुस्त करायलाही टेंडर काढावं लागेल,
आणि कुणीतरी हरेल,
आणि पत्र पोस्टात पडून राहील.