दोनशे बारा अंश

रात्रपाळीला मी एकटीच असते.
बाहेर उणे सव्वीस, आत भट्टीत दोनशे बारा,
मधे पोलादी दार
आणि माझा कॉफीचा थर्मास.

आजचा माल पाइनचा. तिसऱ्या प्रतीचा.
चिठ्ठीवर नाव : वेइयो कार्प्पिनेन, राउतालाम्पी.
म्हणजे आमचे बाबा.

दलदलीचं पाणी चर खणून काढलं
आणि त्यांनी ही रोपं लावली, तेव्हा मी चौथीत होते.
झाडं भसाभस वाढली,
एकेका वर्षाचं कडं बोटाएवढं रुंद,
वितीवितीला गाठ.
मागच्या शरदात खरेदीदार आला,
बुटाच्या टोकाने ओंडका हलवला,
म्हणाला, "लगद्याला चालेल."
बाबांनी त्याला कॉफी विचारली नाही.
आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही.

आधी वाळवण.
घाई केली तर लाकूड आतून तडकतं, वरून पत्ता लागत नाही.
मग वाफ सोडून हवा हाकलायची;
हवा राहिली तर ते सरपण.
मग राळ सुटते.
दाराच्या फटीतून वास येतो : आधी डांबराचा,
मग करपल्या साखरेचा, शेवटी आंबट, नाकात जाणारा.
केसांत बसतो तो. धुतला तरी उशीला लागतो.

दोनशेच्या पुढे लाकूड आपला गोडवा सोडून देतं.
बुरशीला आत खायला काही उरत नाही.
पाणी येतं, टेकतं, बरंचसं तसंच निघून जातं.
फुगणं कमी, आक्रसणं कमी, रुसून वाकडं होणंही कमी.
आणि रंग चढतो,
राईच्या पावाच्या कडेचा.

पण फुकट काही नसतं.
वजन घटतं. खिळा सरळ ठोकला तर फळी फुटते.
वाकायची वेळ आली की मोडते.
भार पेलायला वापरू नये,
असं आम्ही पावतीवरच छापतो.

हे मी काल फोनवर सांगितलं.
ते गप्प. मग, "सौनाची तुळई बदलायची होती."
तुळई नाही, बाबा. बाकं करा.
तळ्यावरचा धक्का करा.
बसलात तर राळ चिकटणार नाही.
"बसायचं काय," ते म्हणाले, "अजून उभा आहे मी."

दिवसपाळीचा यालमारी एकोणीस वर्षांचा आहे.
म्हणतो, माणूसही असाच ना,
तावून सुलाखून निघतो?
मी म्हटलं, तू आधी हातमोजे घाल.
तीन आठवडे ज्या घरात कुणी बोललं नव्हतं
तिथे मी राहिले आहे.
तिथून कुणी टिकाऊ होऊन निघालं नाही.
निघालो, एवढंच.

पाच वाजता फवारे सुरू केले.
थोडं पाणी परत द्यावं लागतं,
नाहीतर हाताळतानाच कोपरे झडतात.
सातला दार उघडलं.
सगळ्या फळ्या सरळ, तपकिरी, हलक्या.
एकीतली गाठ तेवढी सुटून पडली होती,
नाण्याएवढं भोक.

भोकाला डोळा लावला.
आवारात बर्फ, फोर्कलिफ्ट,
आणि कुंपणाशी बाबांची जुनी व्हॅन,
इंजिन चालू, काच धुरकट.
किती वेळ आले होते कोण जाणे.
खाली उतरत नव्हते.

थर्मास हलवून पाहिला.
दोन कप निघतील.