बादलीच्या बुडाशी

पाच मिनिटं. फार तर सहा.
विल्मार म्हणतो दहा, पण तो नेहमीच वाढवून सांगतो.
मिकाएला पाण्यातून किंचाळली,
पायाला काहीतरी चिकटलं म्हणून,
तसे आम्ही दोघंही धावलो पाण्याकडे.
पाणी म्हणजे नदीच ती. पण इतकी रुंद
की माँतेविदेओत सगळे तिला समुद्र म्हणतात
आणि कुणी चूक काढत नाही.

जेलीफिश नव्हती. प्लास्टिकची पिशवी होती.
परत आलो तर चादर जागेवर,
चादरीवर आमच्या बसण्याचे खळगेसुद्धा जागेवर.
थर्मास गेला. येर्बाच्या पाल्याचा डबा गेला.
मिकाएलाची डावी चप्पल. फक्त डावी.
लाल बादली.
आणि तुंबा, नळीसकट.

पोलिसाने विचारलं, किंमत?
म्हटलं, थर्मासची लिहा.
तुंबे काय, बाजारात ढिगाने मिळतात.
पण हा सासऱ्यांनी आमच्या लग्नाआधी
ओल्या पाल्याने भरून खिडकीत ठेवला होता,
चार दिवस मुरवला,
चमच्याने आतून खरवडला, पुन्हा भरला.
तेरा वर्षं सगळ्यांनी एकाच नळीने प्यायलं.
जायच्या आदल्या सकाळी त्यांनी
नळीला नुसते ओठ लावले,
ओढायचं बळ नव्हतं.
‘तुंबा, एक, वापरलेला,’ पोलिसाने लिहिलं.

मग महिनाभर मी किनाऱ्यावर
माणसांचे चेहरे पाहिलेच नाहीत, काखा पाहिल्या.
काखेत कळसा म्हणतात ना,
इथे तो खरोखरच असतो, ज्याच्या त्याच्या काखेत थर्मास,
आणि गावभर वळसा घालत होते मी.
रविवारच्या बाजारात एका म्हाताऱ्याला अडवलंसुद्धा.
त्याने निमूटपणे झाकण काढून दाखवलं.
आमचा नव्हता.
त्याची बायको पर्स छातीशी धरून
माझ्याकडे बघत राहिली.

त्या रात्री अंधारात मिकाएला म्हणाली,
आई, बादली आपली नव्हती.
मग कुणाची?
खाली ब्रुनो लिहिलं होतं.
मागच्या उन्हाळ्यात सापडली ना, वाळूत.
तू म्हणालीस, राहू दे,
कोण येतंय आता शोधायला.

म्हणाले असेन.
ऊन कललं होतं, बस गाठायची होती,
आणि बादली चांगली होती.

नवा तुंबा आणलाय. अजून कच्चा आहे,
घोटाघोटाला भोपळ्याची चव येते.
विल्मार तोंड वाकडं करून पितो
आणि माझ्या हातात देतो.
कुठेतरी कुणीतरी आमचं उष्टं पीत असेल,
माझं, पोरीचं, सासऱ्यांचंही.
कितीही विसळा, जात नाही ते.

उजवी चप्पल दारामागे आहे.
पोरीचं पाऊल आता त्यात मावत नाही.
तरी टाकवत नाही.