मुरण्याआधी

दिवा राहू दे, बिद्झिना. कानाला उजेड लागत नाही.
त्या दगडावर बसू नकोस,
तो झाकणाचा आहे, त्याचं काम अजून व्हायचंय.
इथे मातीतच टेक. जॅकेटला लागली तर लागली.

ही काठी अक्रोडाची. एक टोक रांजणाच्या काठाला,
दुसरं इथे, कानामागच्या हाडाला.
हसतोस? हस. गावाचं हसून झालंय आधीच.
चियातुराच्या खाणीत सव्वीस वर्षं सुरुंग लावले मी,
उजवा कान तिथेच ठेवून आलो,
डावा थोडा थोडा सांडत गेला
तारेवरच्या पाळण्यातून येता-जाता.
हाड तेवढं शाबूत राहिलं.

तिथेही गप्पच बसायचो, बरं का.
सात भोकं, सात वाती. आडोशाला जाऊन
गुडघ्यांत डोकं घालून मोजायचं.
एक. दोन. तीन-चार एकदम. पाच. सहा.
आणि सातवा बार झाला नाही
तर अर्धा तास कुणी खोकायचंही नाही.
त्या शांततेला दात होते.

घरी यायचो तेव्हा अंग आंबलेलं,
आणि त्सियुरी दारातूनच सुरू व्हायची,
मका, शेजारीण, पोरीचा खोकला, पुन्हा मका.
मी मान हलवायचो. अगदी बरोबर जागी हलवायचो.
तिला वर्षानुवर्षं वाटलं, याला ऐकू येतंय.
पाणी कुठे मुरत होतं ते तिला
शेवटच्या हिवाळ्यात कळलं.
उशीवरून हळू काहीतरी विचारलं तिने.
मी मान हलवली.
ती बघत राहिली माझ्याकडे,
मग चादरीची दुमड सरळ केली, दोनदा.
कशाला "हो" म्हणालो मी,
अजून माहीत नाही.

पुढची दोन वर्षं रेडिओसमोर काढली.
बंद रेडिओसमोर. चालू असता तरी काय.
पोरगी कुताइसीहून यायची, म्हणायची,
बाबा, काहीतरी करा.
केलं. कुंपण रंगवलं. मग तेच कुंपण पुन्हा रंगवलं.

आणि एका ऑक्टोबरात द्राक्षं ढवळून दमलो,
दांडा रांजणात तसाच ठेवून
त्याच्यावर कपाळ टेकलं,
तर आत कुणीतरी बोलत होतं.
घाबरलो. सवयीने मोजायला लागलो.
मोजता येईना.
शाळा सुटायच्या आधी वर्ग कुजबुजतो ना, तसं,
चाळीस पोरं, आणि कुणालाच उत्तर नको.
हललो नाही. अंधार पडला,
कोंबड्या आपल्या आपण खुराड्यात गेल्या.
पहिल्यांदाच मी कशाला तरी
मान न हलवता ऐकलं.

तेव्हापासून तुम्ही येता, द्राक्षं तुडवून झाली की
एकेक जण, "ओटिया काका, लावू का झाकण?"
त्या मुरमानच्या मुलाकडे काचेची नळी आहे.
आकडे बरोबर असतात तिचे, मी नाही म्हणत नाही.
तरी तोही येतो. आकडा सांगतो आणि बसून राहतो.
त्याला काय ऐकायचं असतं
ते मी विचारत नाही.

घे, आता तू धर. दाबू नकोस.
दात सैल सोड. तोंडाने श्वास नको.
काही नाही?
थांब.
तुझा मोबाइल थरथरतोय, तो नाही. त्याच्या खाली.
त्याच्याही खाली.

हं.

नाही, आज झाकायचं नाही.
तळाशी अजून एखाद-दोन शब्द आहेत,
ते मध्येच तोडू नयेत. मग काय मुरायचं ते मुरू दे
वसंतापर्यंत, आपण नाही विचारायला यायचं.
गुरुवारी बघू. माती मळून ठेव,
कणकेसारखी, खडे काढून.

तू जा, जेवण निवेल.
काठी राहू दे इथेच.
आईला सांग, ओटिया बसलाय जरा.