रविवार, आयफेलचे डोंगर

बेकरीमागं गाड्या लागल्यात, धुक्यात नाकं खुपसून.
हेनिंग आधी घोडे सांगतो, सहाशे बारा,
मग स्वतःचं नाव.
फोल्करनं बॉनेट उघडलंय,
पाहुण्यांपुढे पोराला पाढे म्हणायला उभं करावं तसं:
बारा सिलिंडर, एकही अडखळत नाही.

पांढऱ्या केसांच्या बाई शेवटी.
"गाडी योआखिमची.
मी ऐंशीच्या पुढे नेलेली नाही."
कुणी हसत नाही.
सीटच्या एक नंबर बटणात त्याचे लांब पाय आहेत अजून;
दोन नंबर कोरं.
त्या पाठीशी दोन उशा घेतात,
तेव्हा कुठं पेडल लागतं.

"आवाज तरी ऐकवा," फोल्कर म्हणतो.
किल्ली फिरते.
हातातले कप हातातच.
काचेवरचं दव थरथरतं, ओघळतं.
"मी ऑर्ट्रूड," बाई म्हणतात,
त्या गडगडाटात,
कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं.