पक्ष : पारसिक

शनिवारी साडेसहाला सानपाड्याच्या वाचनालयात
वरच्या मजल्यावर सतरंजी पडते. आम्ही सात जण.
आधी अर्धा तास श्वास, मग तासभर न्याय.
उलट केलं तर भांडण घेऊन घरी जाल,
असं आठल्ये बाईंचं म्हणणं.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, पक्ष म्हणजे काय?
बँकेतून निवृत्त झालेले कारखानीस म्हणाले,
कुठला? मूळचा की फुटलेला?
मला पितरांचा आठवला.
बाई हसल्या नाहीत.
ज्याच्या ठायी काही सिद्ध करायचं आहे, तो पक्ष,
म्हणाल्या, आणि फळ्यावर डोंगर काढला.
डोंगराच्या डोक्यावर धूर.

धूर आहे, म्हणून अग्नी आहे.
जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी,
जसं स्वयंपाकघरात.
कारखानिसांच्या स्वयंपाकघरात इंडक्शन आहे.
त्यांनी तसं सांगितलंही.

मी खिडकीतून बघत होते.
पारसिकचा डोंगर अजून तिथेच आहे, म्हणजे जेवढा उरला तेवढा.
मी लहान असताना त्याच्यावर रोज दुपारी धूर चढायचा,
पांढरा,
आणि खाली कुठे आग नसायची.
खाली क्रशर होता. बाबा होता.
नव्या शहराला खडी हवी होती.

बाई, तो धूर नसला तर?
मग हेतूच असिद्ध, धोत्रे. अनुमान तिथेच संपलं.

संपलं म्हणाल्या.

बाबाच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण : क्षय.
खोकला आहे, अंग झडलंय, वडारवस्तीत राहतो,
म्हणून क्षय.
आता वॉर्ड ऑफिसात त्याच खिडकीमागे मी बसते.
नाव तपासते, शिक्का मारते, पुढचा.
म्हणून बाईंनी दिलेला एक शब्द मी जपून ठेवलाय :
सव्यभिचार.
जो हेतू एका घरी राहत नाही.
खोकला क्षयाकडे जातो, खोकला धुळीकडेही जातो,
डॉक्टरने फक्त पहिलं दार वाजवलं.

श्वासाचं म्हणाल तर त्यात मी हुशार निघाले.
पूरक, मग कुंभक. बाई आकडे मोजत होत्या,
बाकीचे वीसच्या आसपास गळाले.
मी साठावर सोडला, तोही संकोचून.
कुठे शिकलात?

काय सांगणार. गुरू होता.
सुरुंगाची शिट्टी वाजली की तो माझं तोंड
आपल्या सदऱ्यात दाबायचा.
धर, म्हणायचा, बसेपर्यंत धर.
बसेपर्यंत म्हणजे धूळ.
त्याचा स्वतःचा कुंभक कधी पुरा झाला नाही,
त्याला ओरडून बाकीच्यांना हाका मारायच्या असत.

गेल्या शनिवारी अभाव.
घडा घडण्याआधी जो नसतो, त्या नसण्याला सुरुवात नाही,
पण शेवट आहे.
घडा फुटल्यावर जो नसतो, त्या नसण्याला सुरुवात आहे,
पण शेवट नाही.
कारखानीस पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.
त्यांच्या शेजारची सतरंजीवरची जागा, जिथे त्यांच्या पत्नी बसायच्या,
दोन महिने आम्ही कोणी घेतलेली नाही.

आणि हा अभाव कळतो कशाने? मी विचारलं.
अंदाजाने?
डोळ्याने, बाई म्हणाल्या. न्यायवाले तसं मानतात.
घडा नाही हे जमिनीवर दिसतं.

मी परत खिडकीकडे बघितलं.
डोंगराच्या कापलेल्या अंगावर संध्याकाळ पडली होती,
आणि जिथे त्याचं शिखर असायचं
तिथे एक विमान सरळ जात होतं, कशालाही वळसा न घालता.
दिसलं.

गृहपाठ : स्वतःचं उदाहरण लिहून आणा.
वहीत मी पक्ष लिहिला, पारसिक.
साध्य अजून कोरं आहे.
हेतूच्या जागी आधी धूर लिहून खोडलं,
मग धूळ लिहिलं, त्यावर पेन थांबलं.

साडेआठला दिवे घालवले.
कारखानीस आणि मी, सतरंजीची दोन-दोन टोकं धरून
गॅलरीत गेलो, झटकली.
ते बराच वेळ काहीतरी सांगत होते, सुनेबद्दल बहुतेक.
मी मान हलवत राहिले.
बोलता येत नव्हतं,
श्वास धरला होता.