वारा पडायची वाट

सकाळपासून केशरी मोजा आडवा आहे.
खांबावरचा तो कापडी मोजा,
ज्याला युटलंडच्या या माळावर
एकाच दिवशी दोनदा लोंबताना कुणी पाहिलेलं नाही.

दहाला पिवळं दुपंखी उडालं, अकराला ते युद्धातलं,
राखाडी, कान फाडणारं, पोटावर नवे पट्टे रंगवलेलं.
मुलांच्या हातात सॉसेज तसेच राहिले
आणि मोहरीची चटणी मनगटापर्यंत ओघळली.
लाउडस्पीकरवर प्रीबेन एकेका इंजिनाचं अश्वबल सांगत होता,
लग्नात आलेल्या तारा वाचाव्यात त्या सुरात.

सगळ्यांत म्हातारं मात्र हँगरातच.
एकोणीसशे तेराचं. लाकूड, पियानोसारख्या तारा, लिननचं कापड.
वाऱ्याने जरा आवाज चढवला
की ते उडत नाही, उलटतं.
त्या कापडाचे टाके माझे आहेत.
बोटभर अंतरात चार, मेणाचा दोरा,
दोन हिवाळे, रेडिओ चालू,
अंगठ्याला अजून घट्टा.

आक्सेल दर अर्ध्या तासाने बोट चाटून हवेत धरतो.
वारा मोजायचं यंत्र खिशात आहे,
तरी बोट.
तीस उन्हाळे तोच उडवायचा ते.
मग मार्चमध्ये डॉक्टरांनी कागदावरची एक वाकडी रेघ दाखवली
आणि परवान्याचं प्रकरण दोन मिनिटांत मिटलं.
आता सिग्ने उडवते.
आठवडाभर ती लोकांचे दात काढते, वजन बावन्न किलो,
आणि हसताना स्वतःचे दात हाताने झाकते.

तीन वाजले. चार.
खुर्च्या मिटल्या, पोरं खांद्यावर झोपली,
शेतातल्या मोटारी एकामागून एक हमरस्त्याला लागल्या.
प्रीबेनने "पुढच्या वर्षी" असं काहीतरी म्हणून बटण बंद केलं.

पावणेसातला
वारा पडला.
कुणी काही केलं नाही,
नुसता पडला, दिवसभर हुंदडलेलं पोर पडतं तसा,
आणि मोजा खांबाला चिकटला.

आम्ही उरलो होतो अकरा जण आणि एक कुत्रा.

इंजिन लागलं आणि एरंडेलाचा वास आला.
हो, तेच, नाक दाबून पाजायचे ते.
हे इंजिन तेच पितं, आणि प्यायलेलं
उडवणाऱ्याच्या तोंडावर थुंकतं.
आक्सेलने डावा पंख धरला,
अगदी टोकाला, जिथे माझे टाके वळतात.
विमान सुटलं तसा तोही पळू लागला,
एकाहत्तर वर्षांचा माणूस, पायात रबरी बूट, छातीत दोन स्टेंट,
सहा पावलं, सात,
मग त्याने हात उघडला.
एवढंच.
मी हाताकडे बघत होते, विमानाकडे नाही.

उडालं ते.
किती उंच म्हणाल तर गोठ्याच्या छपराइतकं,
सरळ रेघेत, वळणं त्याला झेपत नाहीत.
मावळतीचा उजेड कापडातून आरपार आला
आणि पंखाची एकेक फासळी,
माझा एकेक टाका दिसू लागला.
एक चुकला होता. कुठला ते मला ठाऊक होतं.

आक्सेल धापा टाकत येऊन माझ्याशेजारी उभा राहिला.
तीस वर्षांत पहिल्यांदाच, या बाजूला.
माझी बाही त्याने मुठीत धरली,
आणि चाकं गवताला टेकेपर्यंत
सोडली नाही.
मग म्हणाला,
"खालून बघताना एवढी भीती वाटते?"

कुत्रा भुंकत विमानामागे धावला.
सिग्ने उतरली, तोंड तेलाने चकाकत होतं,
हात झाकायला वर आलेच नाहीत.

मी थर्मास उघडला. कॉफी कोमट झाली होती.
पहिला कप त्याला दिला.